शेजारच्या सीटवरून

३ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

सुखरूप पोहोचलो. काल तुझ्या खोलीतून निघालो, जिन्यापर्यंत आलो आणि सवयीने थबकलो. आता पाठीमागून हाक येणार, "दादा, चष्मा राहिला!" हाक आली नाही. चष्मा मात्र राहिलाच होता; नर्स धावत घेऊन आली. तो हातात घेऊन मी जिन्यात किती वेळ उभा होतो कोण जाणे. लोकांना वाटलं असेल, म्हातारा पायऱ्या उतरायच्या विसरला.

डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. पण स्वरयंत्रासकट निघाली. आता श्वास मानेतल्या भोकातून आणि बोलणं पाटीवर. तुझ्या घशात कॅन्सर, हे मला अजूनही चुकीच्या पत्त्यावर आलेल्या तारेसारखं वाटतं. रविवारचा आपला फोन संपला, तेव्हा आता पत्रं. माझी, मराठीच्या मास्तराची, चंगळच म्हण. तू मात्र शाळेत निबंधाच्या चार ओळींपुढे कधी गेली नाहीस.

दुपारी खिडकीशी बसलो होतो आणि तू चौथीतली दिसलीस. दोन वेण्या, एक मोजा घसरलेला. बाईंनी तुला ओढ्याची कविता म्हणायला उभं केलं होतं. गुणगुणायची कविता ती, पाण्यासारखी हळू. मी वरच्या वर्गाच्या दारातून तुला खुणा करत होतो, हळू, हळू! तू ती अशी म्हटलीस की समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. त्याच आठवड्यात गिरणीचा भोंगा बिघडला होता. शाळेचा शिपाई म्हणाला, "आता दुरुस्तीचा खर्च कशाला करतात?" झालं, तेव्हापासून तू भोंगा. पुढे त्याच आवाजावर तू ड्रायव्हिंग स्कूल उभं केलंस. गावातल्या निम्म्या माणसांच्या कानांत तुझं ते "ब्रेक!" अजून घुमत असेल.

तो आवाज गेला, बाळ. हे लिहितानाही अक्षर वाकडं येतंय.

भाचा बसपर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, "मामा, आईची गाडी विकून टाकावी म्हणतो. आता ती कशी शिकवणार?" मी म्हटलं, योग्यच आहे. आता तू कशाचीही काळजी करू नकोस. पुष्कळ ओरडलीस. आता ऐकत बस.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. मान अजून वाकत नाही, तेव्हा साष्टांगातलं एक अंग वजा धर.

घरी आले. तुझं पत्र वाचताना हसू आलं, आणि हसले तर मानेतून शिट्टी वाजली. चिरंजीव स्वयंपाकघरात धावला. त्याला वाटलं, किटली उकळली. शिंक आली तरी मानेतूनच येते. म्हणून तिथे एक कापडी पडदा बांधलाय, लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखा. या वयात लाळेरं! वास म्हणून काही येत नाही. काल मुद्दाम गाडीपाशी जाऊन पेट्रोलचं झाकण उघडलं. नाही आला.

दादा, तू माझ्या आवाजाची शोकसभा भरवलीस. छान बोललास, पण मी हॉलमध्येच बसले होते. "गेला, गेला" काय? कुठे गेला ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी बरणीत घालून तपासायला पाठवला.

आणि "योग्यच आहे" कुणाला विचारून म्हणालास? गाडी माझी आहे. शेजारच्या सीटपुढचा तो दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच मी उभं राहून बसवून घेतलेत, माझ्या पायाच्या मापाने. त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय बसणार नाही.

तुझ्या भाच्याने मला गप्प करायची युक्ती शोधलीय. मी पाटीवर लिहायला लागते, तो अर्धं वाचतो, "कळलं कळलं" म्हणतो आणि निघून जातो. पाटीवरून ओरडता येत नाही. मोठ्या अक्षरात लिहावं तर पाटी संपते. तो वाईट नाही. घाबरलाय. रस्त्यावरची धूळ भोकात जाईल, एखाद्या धडकेत आईचं काही होईल. त्याला कळतं ते मलाही कळतं. पण त्याने मला विचारावं तरी.

मामाचं तो ऐकतो. तू त्याला एकच वाक्य लिही: गाडी विकायची नाही.

सोमवारपासून रेडिएशनची किरणं सुरू होताहेत. त्याबद्दल काही लिहीत नाही.

भोंगा


२ मार्च

प्रिय भोंगा,

रागावू नकोस. तुला हवं होतं ते वाक्य मी लिहायला बसलो आणि पेन अडलं.

जरा डोळ्यांपुढे आण. समोर खांब येतो आहे. शिकाऊ मुलगी घाबरून भलत्याच पेडलवर पाय दाबते आहे. आणि तू पाटी शोधते आहेस! तुझा तो पाय वेळेवर पडेलही; पण दर वेळी तूच ब्रेक मारायचा, तर शिकवलं काय? तूच मला हे सांगायचीस.

इकडे ये. मागची खोली मी रंगवून घेतली आहे. खिडकीतून एक झाड दिसतं; त्याचं नाव मला माहीत नाही, पण संध्याकाळी त्यात इतके पक्षी शिरतात की झाडच किलबिलतं आहे असं वाटतं. तुझी वहिनी असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. आपण जुनी क्रमिक पुस्तकं काढू. मी कविता वाचेन, तू ऐक. चुकलो तर टाळी वाजव.

गाडीला गिऱ्हाईक आलं आहे म्हणे. बेकरीवाला आहे, पाव घरोघर पोचवायला हवी त्याला. बरा माणूस वाटतो. मी भाच्याला कळवलं की घाई नको, पण नाहीही म्हणू नकोस.

तुझा,
दादा


२० जून

प्रिय भोंगा,

मार्चपासूनचं हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. किरणं संपली, प्रकृती सावरते आहे, एवढं भाच्याकडून कळलं. तू मात्र गप्प. मी रोज तुला एकटी, खिडकीत, हात मांडीवर ठेवून बसलेली पाहतो आणि माझा चहा गार होतो.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. कसं लिहावं ते सुचत नाही.

भाचा म्हणाला, तू रोज सकाळी कुठेतरी जातेस आणि सांगत नाहीस. दार लावून बसतेस. आतून विचित्र आवाज येतात. आणि कपाटाखाली त्याला सोड्याच्या बाटल्या सापडल्या. रिकाम्या. पुष्कळ.

मला उपदेश करायचा नाही. दुःखाने खचलेल्या माणसाला कशाचा तरी आधार लागतो, हे मी समजू शकतो. तुझी वहिनी गेली तेव्हा आमच्याकडचा एक मास्तर मलाही म्हणाला होता, "घ्या थोडी, झोप येईल." मी घेतली नाही, कविता पाठ केल्या. पण सगळ्यांना कविता पुरत नाहीत. एवढंच विचारतो, सोड्याबरोबर तू काय घेतेस? आणि कधीपासून? मला सांग. मी कुणाला सांगणार नाही, भाच्यालाही नाही. तुझी बाजू मी सोडणार नाही.

काळजीत असलेला,
दादा


२८ जून

ती. दादास,

नमस्कार. आता पूर्ण वाकून.

तुझं पत्र आमच्या वर्गात वाचून दाखवलं. म्हणजे मी नाही, आमच्या गुरुजींनी. सगळे जण हसले. मानेत भोकं असलेली माणसं एकदम हसली की कसा आवाज होतो, तुला कल्पना नाही. गाडी सुटायच्या आधीचं स्टेशन!

दादा, सोडा नुसताच पिते. ढेकर यावी म्हणून.

आता नीट ऐक. आवाज तीन तऱ्हेने परत मिळतो. एक यंत्र असतं, ते गळ्याला लावून धरायचं. दुसरी एक झडप असते, तिच्यासाठी भोकावर बोट दाबून धरायचं. दोन्हींत एक हात अडकतो. आणि माझे हात कुठे असतात? एक स्टिअरिंगजवळ, एक हँडब्रेकवर. माझ्याकडे हात शिल्लक नाही. म्हणून मी तिसरी तऱ्हा मागितली. हवा ओठांनी दाबून अन्ननलिकेत ढकलायची, आणि ढेकर होऊन वर येताना तिचा शब्द करायचा. सगळ्यात अवघड. पुष्कळांना जमतच नाही. चारचौघांत ढेकर दिलीस तर याद राख, म्हणून मी पोराला लहानपणी दटावलं, आणि आता रोज सकाळी ढेकरा द्यायला वर्गाला जाते!

आमचे गुरुजी म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांचं ऑपरेशन फार पूर्वी झालं. बेडकाने रेडिओ गिळावा तसे बोलतात, पण तासभर बोलतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, ही वाट चढाची आहे." मी पाटीवर लिहिलं, "माझे सगळे शिकाऊ चढावरच गाडी बंद पाडतात. मला सवय आहे."

उत्तरं का दिली नाहीत ते सांगते. आधी किरणांनी घसा असा सोलवटला की पाणी गिळायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागायची. मानेची कातडी भाजली. एप्रिलात एका दुपारी मी पाटीवर लिहिलं, "गाडी देऊन टाक." चिरंजीव औषध आणायला गेला होता. तो येईपर्यंत त्या अक्षरांकडे बघत बसले. जिन्यात पावलं वाजली तशी बाहीने पुसून टाकली. तुझी पत्रं उशाशी होती. फार गोड होती, म्हणूनच वाचवत नव्हती. तू आणि तो, दोघांनी मिळून मला मऊ गादीवर निजवायचं ठरवलं होतं, आणि त्या दिवशी मी जवळजवळ निजले होते.

वर्गात पहिले कितीतरी दिवस नुसत्या उचक्या. मग एकदा "पा". गुरुजींनी मला उभं करून सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. या वयात "पा"साठी टाळ्या! घरी कुणाला सांगितलं नाही. अर्धवट जमलेलं दाखवायची मला लाज वाटते, हे तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात चिरंजीव स्वयंपाकघरात उभा होता. नजर मोबाईलमध्ये, आणि हात शेगडीवरच्या तापलेल्या भांड्याकडे. माझ्या तोंडून निघालं, "ब्रेक!"

तो थांबला. आधी थांबला, मग वळून बघितलं कोण बोललं. नंतर बराच वेळ तो मोरीपाशी उगाच भांडी विसळत होता.

रात्री जेवताना म्हणाला, "आई, घरात ठीक आहे. रस्त्यावर काय?" वाद झाला. अर्धा मी तोंडाने घातला, अर्धा पाटीवर. शेवटी ठरलं ते असं: ऑगस्ट संपायच्या आत मी एका माणसाला शिकवून परीक्षेला उभं करायचं. तो पास झाला तर गाडी माझी. नाहीतर किल्ली बेकरीवाल्याला.

अडचण एकच. शिकाऊ मिळत नाही. लोक चौकशीला येतात, मी "बसा" म्हणते, ते दचकतात आणि "नंतर येतो" म्हणून जातात.

तेव्हा तू ये. मी शिकवलेल्यांत सगळ्यात वाईट शिकाऊ तूच. ढग दाखवायला तू स्टिअरिंग सोडलंस आणि आपण रोपवाटिकेच्या कुंड्यांत शिरलो, तो माणूस अजून मला ओळख देत नाही. तू शिकलास तर जग शिकेल.

रंगवलेल्या खोलीत दुसरं कुणी ठेव. मला वेळ नाही.

भोंगा


३० ऑगस्ट

प्रिय भोंगा,

तुझ्याकडून परतलो, बॅग अजून सोडलेली नाही. आधी हे लिहितो.

मी तुझी गाडी घालवली. आयुष्यभर फळ्यावर अक्षरं काढून मुलांना शिकवली, आणि परीक्षेच्या कचेरीत भिंतीवरची खालची ओळ मला वाचता आली नाही. तपासणाऱ्याने माझ्या डोळ्यांत दिवा मारला आणि म्हणाला, "आजोबा, मोतीबिंदू आहे. आधी ऑपरेशन, मग गाडी." मैदानापर्यंतही गेलो नाही. परत येताना मी तुझ्याकडे पाहू शकत नव्हतो, आणि तू माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणालीस, "डोळे... करून घे." तीन शब्द, दोन घोट हवा.

भाच्याला मी सांगून आलो आहे, "अरे, नापास माझे डोळे झाले, तिचा आवाज नव्हे." तो म्हणाला, "मामा, शब्द दिलाय बेकरीवाल्याला. परवा किल्ली न्यायला येतोय."

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. बंद कारखान्याच्या आवारातली ती सकाळ. तू तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, म्हणून मला वाटतं तुला कळलंच नसेल, तेव्हा काय घडलं ते.

भाचा त्या दिवशी मागे बसला होता. आई कशी शिकवते ते बघायला, असं म्हणाला. खरं म्हणजे धडक झालीच तर तुला धरायला. मी दुसऱ्या गिअरमध्ये बरा चाललो होतो. तेवढ्यात छपरावरून पारव्यांचा थवा उठला. सकाळचं ऊन त्यांच्या पंखांच्या आतल्या बाजूला लागलं आणि सगळा थवा वळताना क्षणभर पांढरा झाला. मी कुठे होतो विचारू नकोस. समोर भिंतीच्या सावलीत पहारेकऱ्याचं कुत्रं झोपलेलं होतं.

तू म्हणालीस, "ब्रेक."

ओरड नव्हती ती. खडीवर कुणी जड पाऊल टाकावं तसा आवाज. खालून आलेला, खरबरीत, घाई नसलेला. आणि माझा पाय गेला. माझा पाय, भोंगा! गाडी थांबली. कुत्र्याने एक डोळा उघडला, आपल्याकडे पाहिलं आणि मिटला.

मग मी तुझ्या पायांकडे पाहिलं. तुझ्या बाजूचा ब्रेक तसाच वर होता. तू पाय त्याच्यावर धरला होतास, दाबला नव्हतास. माझ्यासारखा माणूस, समोर जिवंत जीव, आवाज नवा, आणि तू शब्द टाकून वाट पाहिलीस. मी मागे वळलो तर भाचा दार उघडून उतरला होता आणि कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं घाबरला. जवळ जाऊन पाहिलं, तर हसत होता आणि नाक पुसत होता. मला म्हणाला, "मामा, आईला सांगू नका." म्हणून सांगतो आहे.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की आता ऐकत बस. किती ऐकत बसलो मीच! तुझ्या शेजारी तीन आठवडे. आमच्या पुस्तकातल्या कवींनी ओढ्यांवर लिहिलं, चंद्रावर लिहिलं. ढेकरेवर एकानेही लिहिलं नाही. चुकलं त्यांचं.

गाडी गेली तरी मी तुझा शिकाऊ. परवा किल्ली जाताना मला बघवलं नसतं, म्हणून आधी निघालो. माफ कर.

अभिमानाने फुगलेला आणि लाजलेला,
दादा


१४ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण कामात होते. वाक्य पुन्हा वाच. कामात होते.

तू निघालास त्याच्या तिसऱ्या दिवशी बेकरीवाला आला. कोपरापर्यंत पीठ, बोलायला भला. चिरंजीवाने किल्ली त्याच्या हातात दिली. माझ्या हातून देववली नसती. बेकरीवाला गाडीत बसला, मला म्हणाला, "ताई, शेवटची एक फेरी मारता का?" मी माझ्या सीटवर बसले. मागे चिरंजीव.

दादा, त्या माणसाकडे परवाना होता, पण गाडी येत नव्हती. कुठेतरी, कसातरी मिळवलेला परवाना. पहिल्याच वळणावर गिअरचा असा आवाज काढला की माझ्या दाढा दुखल्या. मी गप्प बसले. आता त्याची गाडी, त्याचा गिअर. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मी हाताची घडी घातली. तिसऱ्याला नाही राहवलं.

"क्लच," मी म्हटलं. "पूर्ण. दाब."

तो चरकला, पण दाबला. गिअर लोण्यासारखा पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, पुढचं वळण घेतलं आणि मान तिरकी करून थांबला. पुढच्या शब्दाची वाट बघत! मग सगळी फेरी तशीच झाली. तो वळणाआधी कान द्यायचा, मी घोटभर हवा गिळायचे, तेवढ्यात त्याला आपलं आपण आठवायचं. पूर्वी मी इतक्या झटपट ओरडायचे की शिकाऊला आठवायला सवडच मिळायची नाही. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? मी बोलू कुठे देत होते!

घराशी येऊन त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली मागे चिरंजीवाकडे धरली. "साहेब, मला गाडीपेक्षा ह्या बाई हव्यात. पाव पोचवायला टेम्पो भाड्याने घेतो. आधी मला नीट शिकवा, मी परत परीक्षा देतो, खरी." चिरंजीव मला म्हणाला, "काय करू?" मी म्हटलं, "माझी गाडी. मला विचार." त्याने विचारलं. चक्क सगळं ऐकून घेतलं, पाटी न आणता.

बेकरीवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही. रोज सकाळी पावाबरोबर माझी जाहिरात वाटली त्याने. पंधरवड्यात आणखी चौघे आले. एक तर नर्स आहे, माझ्याच वॉर्डमधली.

तपासणी परवा झाली. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, फोटो बघितले, म्हणाले स्वच्छ. पुढची जानेवारीत. मी विचारलं, "खात्री?" ते म्हणाले, "खात्री मी कुणालाच देत नाही." बरोबर आहे. मीही शिकाऊला देत नाही. चालवत राहा म्हणते.

आणि आज परीक्षा होती. तुला मैदान बघायला मिळालं नाही, म्हणून सांगते. तिथे पद्धत अशी, की शिकवणाऱ्याने पांढऱ्या रेघेवर उभं राहायचं, आपल्या शिकाऊला स्वतः पुकारायचं आणि तो तयार आहे असं सगळ्यांसमक्ष म्हणायचं. मग बरंवाईट झालं तर नाव आपलं. मैदानात निरनिराळ्या स्कूलच्या गाड्या घुरघुरत उभ्या. माझे कितीतरी जुने विद्यार्थी आता स्वतःची स्कूलं चालवतात, तेही होते. मी रेघेवर गेले, मानेचा पडदा सारखा केला, हवा घेतली आणि बोलले.

परीक्षा घेणारे साहेब नवे होते. टेबलावरून म्हणाले, "बाई, काही ऐकू येत नाही. जोरात बोला, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावा."

चिरंजीव माझ्या मागे होता. त्याचं पाऊल पुढे पडलं, ते मी ऐकलं. आणि मग मागे गेलं, तेही ऐकलं.

बेकरीवाल्याने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, आवाज त्यांचा बरोबर आहे. ही इंजिनं बंद करायला सांगा. आम्ही गाडीत गप्प बसतो, तेव्हाच शिकतो."

साहेब काही म्हणायच्या आत पलीकडच्या गाडीचं इंजिन बंद झालं. माझाच जुना शिकाऊ, तीनदा नापास झालेला. मग त्याच्या शेजारचं. मग रांगेतलं एकेक. फाटकाजवळचा पाण्याचा नळ गळत होता, त्याचे थेंब ऐकू यायला लागले.

मी हवा घेतली. "माझा शिकाऊ." पुन्हा घेतली. "तयार आहे." पुन्हा. "मी सांगते."

साहेबांनी मान हलवली. बेकरीवाला गेला, वळला, चढावर थांबला, मागे घसरला नाही, पुन्हा निघाला, आणि पास होऊन आला. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आणि या वेळी हळू म्हणाले, "बाई, तुमचे आणखी कोण आहेत?"

मागे चौघे उभे होते. मी चौघांनाही एकेक करून पुकारलं. दादा, शेवटच्यापर्यंत रांगेत थांबलेल्या एकानेही इंजिन सुरू केलं नाही.

तुझी,
भोंगा